मावशी आठव्या गोष्टीत मरते

माझ्या पुस्तकात तालुक्याचं एक गाव आहे आणि आठ गोष्टी. आठही गोष्टींतून एकच बाई फिरते: पिठाची गिरणी चालवणारी, अख्ख्या गावाला फैलावर घेणारी. ती माझी सख्खी मावशी आहे हे आमच्या खानदानातलं शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र जो भेटेल त्याला 'काल्पनिक हो, काल्पनिक' सांगत सुटले होते.

आठव्या गोष्टीत मी तिला मारली. हार्टने. काय करणार, शेवट सुचत नव्हता आणि प्रकाशक डोक्यावर बसला होता.

पुस्तक येऊन महिना होतोय तोच खरी मावशी बायपाससाठी माझ्याकडे कांदिवलीला हजर! अंधेरीच्या हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या सकाळी बघते तर बाईसाहेब गॅलरीत खुर्ची टाकून माझंच पुस्तक वाचतायत. सहावी गोष्ट चालू. माझी तर वाटच लागली. हिची छाती उघडणार, आणि त्याआधी ही स्वतःचं मरण वाचणार?

ती अंघोळीला गेली तशी मी ब्लेड घेतलं आणि आठवी गोष्ट कापून काढली. स्वतःच्या पुस्तकाचा शेवट! पानं कणकेच्या डब्यामागे कोंबली.

मावशी आली, पुस्तक उघडलं, कापलेली कड बोटाने चाचपली आणि फिस्सकन हसली.

"अगं बये, शेवट मी पहिल्याच दिवशी वाचला. आमच्या वाचनालयात शेवटची पानं टिकतात कुठे? कोणी फाडायच्या आत आधी शेवट उरकायचा, मग पुस्तक. सगळं गाव असंच वाचतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, ते नुसतं गोष्टीपुरतं गं..."

"गप. मेले ते झकास मेले. पण माझी जाऊ एवढी रडेल होय? जेवायला उशीर झाला तरच तिला हुंदका फुटतो मेलीला."

हसता हसता ती थांबली. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"सगळं गाव आणलंस माझ्या मयताला. वाणी, मास्तर, तो दारुडा पोस्टमनसुद्धा. मी परत परत वाचलं. तू कुठेच नव्हतीस गं."

लेखकाने आपल्या गोष्टीत यायचं नसतं, असलं काहीतरी मी बरळायला लागले. तिने माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता.

"ऑपरेशनच्या वेळी मात्र दारातच बस," ती म्हणाली. "मला भीती वाटते."