फर्दापूरच्या लॉजवर चौघी

मी पंचायत समितीची सभापती कशी झाले हे सांगायला बसले की माझी सून मधेच हसते. म्हणते, "आई, तुम्हाला निवडून आणलं का पळवून नेलं?" दोन्ही, बाई, दोन्ही! पळवून नेणारे आमचेच घरचे होते, म्हणून त्याला सहल म्हणायचं एवढंच.

आमच्या तालुक्याच्या समितीत आठ सदस्य. समोरच्या गटाचे तीन, तिन्ही पुरुष. आमचे पाच, त्यात आम्ही चार बायका. सभापतिपद बाईसाठी राखीव निघालं, म्हणजे खुर्ची आमच्या चौघींतल्या एकीलाच मिळणार हे उघड होतं. आमचा पाचवा एक गडी होता, त्याचं उपसभापतिपद आधीच ठरून गेलेलं, त्यामुळं तो निवांत पत्ते पिसत बसायचा. घोळ एवढाच, की चौघींतली कोणती? आणि हे ठरवायचं कुणी? तर आमच्या घरच्या पुरुषांनी!

समोरच्यांनी आमच्यातली एखादी फोडून स्वतःकडून उभी केली तर, ही आमच्या पुरुषांची धास्ती. म्हणून निवडणुकीच्या आधी आम्हाला गाड्यांत घालून दूर न्यायचं ठरलं. आधी महाबळेश्वर म्हणत होते. मी तर स्वेटरसुद्धा काढून ठेवला होता. शेवटी नेलं कुठं, तर फर्दापूरच्या एका लॉजवर. मोबाईल काढून घेतले. अजिंठ्याची लेणी हाकेच्या अंतरावर, पण "कुणी वळखील" म्हणून तीही दाखवली नाहीत. परदेशातून माणसं येऊन लेणी बघून जात होती आणि आम्ही खिडकीतून त्यांच्या टोप्या बघत होतो.

पण पुरुषांनी एक मोठी चूक केली. पैसे वाचवायला म्हणून आम्हा चौघींना एकाच खोलीत ठेवलं.

चौघी म्हणजे कोण, तर काकू, ज्यांचा थोरला मुलगा सगळा कारभार बघायचा. धाकटी, जिचं लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि जिचे सासरे पाटील होते. भाभी, जिचा नवरा मोसंबीचा व्यापारी. आणि मी. माझ्या वतीनं आमचे मालक.

मालकांचं सांगते. त्याआधी पाच वर्षं मी गावची सरपंच होते. होते म्हणजे शिक्क्यावर होते. खुर्चीत मालकच बसायचे. शिपाई रजिस्टर घेऊन घरी यायचा, मी पिठाचे हात पुसून सही करायची. गावातली लेकरंसुद्धा ह्यांनाच सरपंच म्हणायची. एकदा शाळेत झेंडावंदनाला मी दोरीला हात लावला, तर ह्यांनी सगळ्यांसमोर माझा हात बाजूला केला. "असू दे, तुला नाय जमायचं." मास्तर, पोरं, बाया, सगळे बघत होते. मी गप्प बसले. ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तर मला सभापती व्हायचं होतं. लाजायचं कशाला, व्हायचंच होतं! पण या खेपेला खुर्चीसकट व्हायचं होतं.

शेजारच्या खोलीत पुरुषांची बैठक चालायची. अडीच वर्षांची मुदत, ती सव्वा-सव्वा वर्ष वाटून घ्यायची, पण आधी कोण नि मग कोण यावरून रोज भांडणं. भिंत पातळ होती, सगळं ऐकू यायचं. एका दुपारी धाकटी भीत भीत म्हणाली, "मामंजींनी मला सांगितलंय, पहिली मीच होणार."

काकू ताडकन उठून बसल्या. "आगं, माझ्या पोरानं तर मला सांगितलं, आई तूच!"

भाभी म्हणाली, "हमारे इनों भी येच बोले."

आणि मालकांनी मला चहाच्या टपरीवर शपथ घेऊन सांगितलं होतं! आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि हसू जे फुटलं ते काही आवरेना. भाभी तर पोट धरून गादीवर आडवी झाली. पलीकडून पाटील ओरडले, "काय चाललंय? हळू!" त्यानं तर आणखीच हसू आलं.

हसून झाल्यावर मात्र राग आला. काकूंनी पदर खोचला. म्हणाल्या, "आपलं आपणच ठरवू. एकच इचारते. निवडून आल्यावर घरच्या माणसाला चार लोकांत 'नाय' म्हणायची छाती कुणाची हाय? खोटं बोलू नका."

धाकटी खाली बघायला लागली. काकू स्वतःच म्हणाल्या, "पोरगा डोळे वटारतो तवा मी गप बसते, माझं नाय जमायचं." मग तिघींनीही माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "अगं बाई, मीसुद्धा पाच वर्षं गप्पच होते की!"

भाभी म्हणाली, "वो पुरानी बात. कल तुमीच लॉजवाले को झाडे ना, पानी गरम नै करके? तुम्हारीच जबान चलती ताई. तुमीच बैठो."

मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. आजवर तिकीट दिलं ते मालकांनी मागितलं म्हणून, मतं पडली ती चिन्हाला. मला, माझ्याकडं बघून, पहिल्यांदा निवडलं ते या तिघींनी.

शेवटच्या दिवशी संभाजीनगरहून पक्षाचे साहेब आले. त्यांनी तोडगा काढला, पहिली धाकटी, नंतर काकू. कुणीतरी व्हीप, म्हणजे पक्षाचा लेखी आदेश, काढायचं विचारलं, तर साहेब हसले. "घरच्याच बायका आहेत, व्हीप कशाला?" मालक माझ्याकडं आले नि म्हणाले, "आपल्याला रस्त्याचं काम मिळतंय. तू आता काय मनाला लावून घेऊ नको."

मी म्हटलं, "बरं."

मी इतकी गुमान बरं म्हणाले, तिथंच त्यांनी ओळखायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला आलो. पंचायत समितीच्या दारात हलगी, गुलालाची पोती, फटाके, सगळं तयार. अधिकाऱ्यांनी सांगितलं, आत फक्त सदस्य. सगळे बापे बाहेर. पाटलांनी भरलेला अर्ज सुनेच्या हातात दिला, "सही केलीय ना? नीट दे," म्हणाले आणि दार लागलं.

धाकटी आत आली, खुर्चीवर अर्ज ठेवला आणि सरळ त्यावर बसली. हो, बसली! पदर सावरला, हात जोडून अधिकाऱ्यांना नमस्कार केला आणि मुदत संपेपर्यंत जागची हलली नाही.

मी कोरा अर्ज मागितला. स्वतः भरला, अक्षर माझं होतं. काकूंनी सूचक म्हणून सही केली. आमचा तो गडी उठून दाराकडं निघाला, तशा काकू म्हणाल्या, "बस खाली. तुझं उपसभापतिपद आमच्याच हातांवर हाय." तो बसला. समोरच्या गटाचे तिघं आधी बघतच राहिले, मग एक जण गालात हसायला लागला.

वेळ संपली. अर्ज एकच. अधिकाऱ्यांनी बिनविरोध म्हणून माझं नाव वाचलं. भाभीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी फुटली.

शिपाई बाहेर सांगायला गेला, पण "बिनविरोध" एवढा एकच शब्द ऐकून हलगी सुरू झाली होती. आम्ही बाहेर आलो तर पाटील खांद्यावर! नखशिखांत गुलाल, गळ्यात हार, दोन्ही हात वर. शिपायानं कानात काहीतरी सांगितलं तसं त्यांना हळूहळू खाली उतरवलं. हलगी थांबली. धाकटी माझ्या मागं लपली होती, पण थरथरत नव्हती, हसत होती.

सगळी माणसं तिथंच खांब होऊन उभी. नाराज नव्हते ते फक्त आमचे मालक. क्षणभर गडबडले, आणि मग त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. आपलीच बायको की! रस्त्याचं काम विसरले, दिलेला शब्द विसरले. "चला, चला," म्हणत सगळ्यांच्या पुढं झाले. गर्दी सभापतींच्या दालनात घुसली, तिच्यामागं आम्ही.

मी आत गेले तर मालक खुर्चीत बसलेले. मुद्दाम नाही हो, सवयीनं. गुलाल झटकत शिपायाला चहा सांगत होते. माणसं हार घेऊन त्यांच्याकडंच वळली.

काकू, भाभी, धाकटी, तिघी दारात उभ्या. नुसत्या माझ्याकडं बघत होत्या.

चार नाही, चाळीस माणसं होती. मग मी टेबलाला वळसा घालून गेले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "उठा. मला बसायचंय."

मालकांनी माझ्याकडं बघितलं, दारातल्या तिघींकडं बघितलं.

ते उठले. आणि मी बसले.