पाना पाडून बघणारे चाचा

आमच्या कोपऱ्यावरचे टाइल्सवाले चाचा म्हणजे कमाल माणूस! कुठलीही टाइल दाखवली की आधी तिच्यावर लोखंडी पाना पाडतात. "गॅरेजमध्ये हेच होणार ना, बेटा?"

मला आमच्या गॅरेजसाठी चकचकीत काळी हवी होती, बाइकचे फोटो भारी येतील म्हणून! पाना पडूनही ती फुटली नाही. मी खूश!

तेवढ्यात चाचांनी विचारलं, "गाडी कोण कोण लावतं?"

"मी आणि बाबा. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

चाचांनी काळी टाइल उचलून आत ठेवली. "ही नाय मिळणार." खडबडीत टाइलच घ्यायला लावली.

बसवून झाल्यावर स्वतः घरी आले, गॅरेजमध्ये बादलीभर पाणी ओतलं. "भाईसाहब, आता चाला."

बाबा चालले. मागे चाचा, दोन्ही हात पसरून, पण बाबांना अजिबात न शिवता.