पैलवानाचं घड्याळ

त्याचं मनगट पाहिलं की कुणालाही वाटावं, या पोराला घरी जेवायला घालतात की नाही. म्हणूनच लॅबमध्ये सगळे त्याला 'पैलवान' म्हणायचे. लॅब म्हणजे रक्ताबिक्ताची नव्हे, दातांची. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि इथं त्यांवरून कवळ्या, कॅप असं काय काय बनून परत जायचं. दोन खोल्या, लांब टेबलं, जिथं हात ठेवाल तिथं प्लास्टरची पांढरी पूड आणि दिवसभर तापलेल्या मेणाचा वास. पैलवान तिथं दातांचे रंग जुळवायचा, आणि त्या कामात पोरगा पक्का होता हे कबूल केलंच पाहिजे.

त्याचं म्हणणं असं, की खोटा दात उघडा पडतो तो त्याच्या पांढरेपणामुळे. गिऱ्हाईक म्हणतं, मला एकदम पांढरेशुभ्र द्या. दिले, की ते हसल्याबरोबर समोरचा आधी दातच बघतो. पैलवान हिरडीजवळ जराशी पिवळट छटा द्यायचा, एखादी पुसट रेघ ओढायचा, आणि दात शेजारच्या खऱ्या दातांत बेमालूम मिसळून जायचा. "थोडं कमीच ठेवायचं," असं तो सगळ्यांना ऐकवायचा. ही अक्कल त्यानं दातांपुरती ठेवली असती तर पुढचं काही झालंच नसतं. पण नाही!

त्याला लागलं घड्याळाचं वेड. खरं महागडं घड्याळ या जन्मात परवडणार नव्हतं, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी स्वारी बाजारातल्या तळघरात गेली. तिथं एक दुकानदार फर्स्ट कॉपी विकायचा. फर्स्ट कॉपी म्हणजे सरळ मराठीत नकली, पण असं म्हटलं की घेणाऱ्याला जरा बरं वाटतं. दुकानदारानं आधी एक भलंमोठं सोनेरी धूड काढलं. "हे बघा भाऊ, वजन बघा! चारचौघांत उठून दिसेल." पैलवानानं ते मनगटावर धरलं, तर दोन्ही बाजूंनी बाहेर आलं, बरणीचं झाकण बांधल्यासारखं.

मग त्यानं कोपऱ्यातलं लहान मागितलं. छत्तीस मिलिमीटरचं, साधी दुधी तबकडी, तपकिरी चामड्याचा पट्टा, चमचम कुठं नावाला नाही. "अहो, हे बायका नेतात," दुकानदार म्हणाला. "नेऊ देत," पैलवान म्हणाला. मनातल्या मनात तो भलताच खूश होता. नकली घालणारा माणूस नेहमी मोठं घालतो, लहानावर संशय कोण घेणार? घरी जाऊन त्यानं पट्टा जुन्या कापडानं घासघासून थोडा झिजवलासुद्धा. आता काय बोलायचं या कारागिराला!

लॅबमध्ये घड्याळ हातात आणि वडील आले की बाही खाली, असं सुरू झालं. वडील त्याच लॅबचे. दवाखान्यांतून साचे आणायचे आणि तयार काम पोचवायचं, हे ते कित्येक वर्षं स्कूटरवरून करत होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. कॅपसाठी सोनं आणायचं असलं तरी मालक काकांनाच पाठवायचे आणि निवांत बसायचे. रस्त्यात सापडलेली छत्रीसुद्धा आसपासच्या दहा दुकानांत विचारून परत करणारा हा माणूस. त्यांच्या शब्दावरच पैलवानाला नोकरी लागली होती. 'घड्याळ कुठून आणलंस' असं त्यांनी विचारलं, तर 'नकली' म्हणायचीही लाज आणि 'खरं' म्हणायचीही सोय नाही, म्हणून ही लपवाछपवी.

अशात एका दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला रंग जुळवायला बोलावलं. बाईंना घड्याळांची भारी हौस. त्याच्या हाताकडे लक्ष गेलं आणि त्या थबकल्याच. "अरे वा, छत्तीसचं! हल्ली सगळे ताटाएवढी घड्याळं घालतात. ओरिजिनल ना?" पैलवान हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. नुसता हसला. त्या दिवसापासून बाई त्याला 'अहो-जाहो' करायला लागल्या, खुर्ची द्यायला लागल्या, 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारायला लागल्या. पोरगा जमिनीपासून चार बोटं वर चालत होता.

आणि मग ते सोन्याचं प्रकरण झालं. याच बाईंच्या एका म्हाताऱ्या पेशंटनं कॅपसाठी स्वतःच्या अंगठीचा तुकडा दिला होता. काकांनी दवाखान्यातून डबा आणला, पैलवानानं उघडला. साचा होता, सोनं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः लॅबमध्ये हजर. मालकांनी काकांना बोलावून घेतलं.

"काका, डबा तुम्ही आणलात ना?"

"हो. दिला तसा आणला. मध्ये उघडला नाही."

"मी उघडला," पैलवान म्हणाला. "आत नव्हतं काही."

मेणाचं काम करणाऱ्या ताईंनी हातातलं काम थांबवलं. बाई थोड्या चुळबुळल्या, मग पैलवानाकडे बोट करून मालकांना म्हणाल्या, "मला बोलायचं नव्हतं. पण यांच्या हातातल्या घड्याळाची किंमत तुम्हाला ठाऊक आहे का? यांचा वर्षाचा पगार त्याला पुरणार नाही."

"बाही वर कर," मालक म्हणाले.

त्यानं केली. काकांनी ते घड्याळ तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता मला सांगा, किती बोलायचं होतं त्याला? 'नकली आहे.' संपलं! लोक हसले असते, चार दिवस टिंगल झाली असती, पुढे विसरले असते. पण त्या क्षणी या शहाण्याच्या डोक्यात काय होतं माहितीये? बाई आता पुन्हा 'अरे-तुरे' करणार. ताई पोट धरून हसणार. रंग जुळवणारा हा एवढा हुशार माणूस तळघरातलं डबडं घालून मिरवतो, हे सगळ्यांना कळणार. अरे, बोल ना बाबा! नाही बोलला.

काकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे. ते तोंड इतकं अपराधी दिसत होतं, की बापाला वाटायचं ते वाटलंच.

"मी दिलंय त्याला ते," काका म्हणाले.

"तुम्ही?" मालकांचा आवाज खाली आला. "कशातून, काका?"

काकांना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे पुढचं वाक्य त्यांच्याकडे नव्हतंच. ते नुसते उभे राहिले. पैलवानही उभा राहिला, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. शेवटी मालकच म्हणाले, "पिशवी इथं ठेवा. घरी जा तुम्ही. काय करायचं ते मी बघतो." काकांनी खांद्यावरची पिशवी काढली, तिच्यावर स्कूटरची किल्ली ठेवली आणि चालत निघून गेले.

त्यानंतर पैलवान टेबलापाशी जाऊन बसला आणि एकाच दाताचा रंग पुनःपुन्हा पुसत राहिला. बाई गेल्या की मालकांना एकट्यात सांगू, असं त्यानं ठरवलं. बाई गेल्या. मग मालकांचा फोन संपला की सांगू. फोन संपला. मग त्यांचा चहा होऊ दे. स्वतःची किळस येत होती, तरी ढुंगण काही खुर्चीवरून उठेना.

दुपारी ताईंनी कचऱ्याची बादली रिकामी करायला घेतली. साचा वाळला की आकसतो, म्हणून दवाखान्यातून तो ओल्या कापसात गुंडाळूनच येतो. इथं आल्या आल्या तो कापूस सोलायचा आणि न बघता प्लास्टरच्या कचऱ्याच्या बादलीत फेकायचा, अशी सगळ्यांच्याच हाताला सवय. ताईंना त्यातला एक गोळा जड लागला. प्लास्टर लागून तो कडक झाला होता. त्यांनी तो टेबलावर आपटून फोडला आणि आतून सोन्याच्या तुकड्याची कागदी पुडी निघाली. डब्यात खुळखुळ नको म्हणून दवाखान्यातल्या मुलीनं ती कापसाच्या घडीत खोचली होती. आणि तो कापूस फेकला होता पैलवानानंच.

मालक तर धावतच आले. "जा रे, जा, बाबांना घेऊन ये! मी पाय धरतो त्यांचे. आणि बाप असावा तर असा, बरं का. स्वतः स्कूटरवर उन्हातान्हात फिरतो आणि पोराला असलं घड्याळ देतो!" ताईंनी डोळ्यांना पदर लावला. इथंही बोलता आलं असतं. तो "हो, आणतो" एवढंच म्हणाला आणि जिन्यावरून खाली पळाला.

आई कामावर गेलेली होती. काका पलंगाच्या कडेला बसले होते, पायांत चपला तशाच.

"बाबा, सापडलं. कापसात होतं. माझ्याच हातून फेकलं गेलं होतं."

काकांनी डोळे मिटले. "म्हणजे तू नव्हतं घेतलंस."

"नाही, बाबा."

"देवा रे," ते म्हणाले आणि त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "सगळा रस्ता मला एकच वाटत होतं, की माझं कुठं चुकलं. कधी कमी पडलो मी या पोराला." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मग हातातल्या हातावर त्यांची नजर गेली. "मग हे कुठनं आणलंस?"

"नकली आहे. बाजारात मिळतं."

"नकली?" काका चक्क हसले. "अरे वेड्या, नकली तर नकली! त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं? तुझ्या वयात मीसुद्धा..."

पुढचं ते बोलले नाहीत. हसू अर्ध्यावर थांबलं. पैलवानाला दिसलं, की आता त्यांच्या लक्षात येतंय. तो काही करू शकत नव्हता.

"मी दिलंय म्हणालो मी, तेव्हा तू तिथंच होतास ना?"

"हो."

"ऐकलंस तू."

"हो, बाबा."

काकांनी त्याचा हात सोडला. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. रागावले असते तर पोराला बरं वाटलं असतं. ते उठले, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, शर्टाच्या बाहीला पुसलं. "दुपारचे डबे राहिलेत," ते म्हणाले. "दवाखाने खोळंबले असतील."

"चला ना बाबा. मालक वाट बघतायत."

"तू हो पुढं," काका म्हणाले. "येतो मी मागनं. बरोबर नको जायला."