‘माहीत नाही’ म्हणणारे डॉक्टर

डॉ. अच्युत खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट काही फार गोड झाली नाही. आमच्या डोंबिवलीच्या रुग्णालयात ते अतिदक्षता विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले, त्या सकाळी राउंडला मी ऐटीत सांगितलं, “चार नंबरचे आजोबा बरे आहेत, सर.” त्यांनी शांतपणे विचारलं, “कशावरून, सिस्टर?” आजोबा माझ्याकडे बघून हसले होते, एवढाच माझा आधार. तेव्हापासून आमच्या विभागात चहा चांगला झालाय म्हटलं तरी कुणीतरी ‘कशावरून?’ विचारतंच.

डॉक्टरांच्या षष्ट्यब्दीच्या या ग्रंथासाठी त्यांच्या संशोधनावर लिहा, असं मंडळींनी मला सांगितलं आणि मी गोंधळले. ज्या गोळीपायी त्यांनी इतकी वर्षं घातली, तिचा उपयोग झालाच नाही. मग गौरव नेमका कशाचा करायचा?

सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गानं सगळं शरीरच बिथरणं. रक्तदाब कोसळतो, एकेक अवयव मान टाकतो. कोलेस्टेरॉलची गोळी शरीरातला दाहही कमी करते, तर ती पहिल्या काही तासांतच दिली तर जास्त माणसं वाचतील का, हे डॉक्टरांना तपासायचं होतं. नेहमीचे उपचार सगळ्यांना सारखे. त्याशिवाय अर्ध्या रुग्णांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. बाटलीवर नुसता क्रमांक. कुणाला कोणती, हे आम्हालाच काय, डॉक्टरांनाही ठाऊक नसे. संमती घ्यायला ते स्वतः नातेवाइकांशेजारी बाकावर बसत. आंबिवलीच्या एका बाईंनी एकदा त्यांना सरळ विचारलं, “म्हणजे तुम्हालाच माहीत नाही होय?” डॉक्टर म्हणाले, “नाही ना. म्हणून तर तुम्हाला विचारतोय.” बाईंनी दोन मिनिटं विचार केला आणि सही केली.

त्याच सुमारास माझा थोरला भाऊ आमच्याकडे दाखल झाला. आम्ही कोपरचे, खाडीवर मासेमारी करणारे. जाळ्यातून शिंगाळा मासा काढताना त्याचा काटा दादाच्या तळहातात घुसला. त्यानं हळद लावून तीन दिवस काढले आणि चौथ्या दिवशी तो धड बोलतही नव्हता. वहिनीनं संमती दिली, दादाला क्रमांकाची बाटली मिळाली. आणि इतरांना ‘धीर धरा’ सांगणारी मी, माझाच धीर सुटला. त्याच्या वाट्याला बिनऔषधाची गोळी आली असेल तर? माझे यजमान तीच कोलेस्टेरॉलची गोळी रोज घेतात. त्यांच्या पाकिटातली एकेक मी दादाला दोन दिवस गुपचूप दिली.

तिसऱ्या दिवशी दादाचा यकृताचा रिपोर्ट बिघडला. डॉक्टर कागद पुन्हा पुन्हा बघत होते, त्यांना मेळ लागेना. मी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “किती मिलिग्रॅमची होती?” संशोधनाचं काय होईल, हे नंतर. आधी दोन्ही गोळ्या बंद केल्या आणि दादाचा रिपोर्ट सुधारेपर्यंत दिवसातून तीनदा स्वतः येऊन पाहून गेले. मला संशोधनाच्या कामातून त्यांनी काढलं, तेही तोंडावर सांगून. आणि घडलेलं वरच्या समितीला कळवताना लिहिलं, ‘कर्मचाऱ्याच्या भावाला चाचणीत घेताना तिच्या मनाचा विचार मी करायला हवा होता.’ ते पत्र मी वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

दादा वाचला. पुढे सगळ्या रुग्णांचे क्रमांक उघडले, तेव्हा कळलं की दादाच्या बाटलीत बिनऔषधाचीच गोळी होती. म्हणजे खरी गोळी फक्त माझी. मी मनातून फुलून गेले. त्याच बैठकीत डॉक्टरांनी निकाल वाचला. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ज्या आवाजात ते राउंडला रक्तदाब सांगतात, त्याच आवाजात त्यांनी ते वाचलं, आणि त्यांचा चहा तसाच निवत राहिला.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. “मग आमचा दादा कशानं वाचला, सर?”

“माहीत नाही, सिस्टर. अँटिबायोटिक लवकर मिळालं, सलाइन वेळेत चढलं. तुमच्या गोळीनं वाचला असंही म्हणता येत नाही. एका माणसावरून ठरत नाही.”

मला रागच आला. इतकी वर्षं घालवून ‘माहीत नाही’? पण त्यानंतर आमच्याकडे सेप्सिसच्या एकाही रुग्णाला ती गोळी उगाच दिली गेली नाही, आणि पहिलं अँटिबायोटिक किती मिनिटांत गेलं हे डॉक्टर घड्याळ लावून बघू लागले. कदाचित गौरव याचाच असेल. मला अजून नीट उलगडलेलं नाही.

दादा दरवर्षी ताजी कोळंबी घेऊन त्यांच्याकडे जातो. “डाक्टर, मना तुमचे गोलीनंच वाचवला.” डॉक्टर दरवर्षी सांगतात, “माझ्या गोळीनं नाही हो.” आणि कोळंबी ठेवून घेतात.

डॉक्टरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांनी शंभरी गाठावी, तीही राउंड घेत घेत. त्या दिवशी दादा आणि मी त्यांना नक्की सांगू, की आमच्या प्रार्थनेनं गाठलीत. ते विचारतील, “कशावरून?” आणि मी म्हणेन, “माहीत नाही, सर.”