कानापर्यंत आलेलं चित्र

काका चपला काढत तेव्हा त्या भिंतीला समांतर ठेवत. पेन्सिलीला शार्पनर लावत नसत. ब्लेडने टोक काढत, मग ते पॉलिशपेपरवर घासत. लिहिताना तळहाताखाली रुमाल असे, कागदाला घाम लागू नये म्हणून. कुणाच्या घरी भिंतीवरचा फोटो तिरका दिसला की त्यांचं बोलण्यातलं लक्ष उडे. घरातलं माणूस पाणी आणायला आत गेलं की उठत, फोटो सरळ करत आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत येऊन बसत. ‘साधारण’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

ते पंप बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पंपाच्या एकेका भागाचं ड्रॉइंग शाईने काढायचं, त्यावर मापं घालायची, मग ते खाली लेथवर जाणार. कागदावर रेघ चुकली की खाली लोखंड चुकतं, असं ते सांगत. तिथे त्यांना सगळे ‘सूत’ म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. काकांना तेवढासुद्धा फरक चालत नसे. नट सुटेल, पण सूत सोडणार नाही, असं लेथवाले म्हणत.

मग संगणक आले. ड्रॉइंग ऑफिसातली मोठी टेबलं काढून टाकली. काकांनी काही काळ पडद्यावर काम केलं आणि लवकर निवृत्ती घेतली. ‘हाताला काही कळतच नाही,’ एवढंच कारण त्यांनी दिलं. येताना आपला ड्रॉइंग बोर्ड टेम्पोत घालून घरी आणला.

‘लोक निवृत्त होताना घड्याळ घेऊन येतात,’ काकू म्हणायच्या. ‘हे टेबल घेऊन आले. पलंग कुठे ठेवायचा ते आता यांच्या पंपाला विचारा.’

घरात बसून काका घरातल्या वस्तू काढू लागले. नळ, कुलूप, दाराची बिजागरी. प्रत्येक वस्तू समोरून, बाजूने आणि वरून, अशी तीन वेळा. एक दिवस त्यांनी काकूंना बसवलं. समोरून झालं, बाजूने झालं. मग ते स्टूल घेऊन आले.

‘आता वरून कशाला?’ काकूंनी विचारलं. ‘टक्कल पडलंय का बघायला?’

दुसऱ्याच दिवशी काकूंनी त्यांचं नाव चित्रकलेच्या वर्गात घातलं. मी त्या वर्गाची माहितीपत्रकं लिहून द्यायचे. साहित्यात पदवी घेतल्यावर मिळालेलं ते पहिलं काम. काका मला साहित्यिक म्हणत. ‘काय साहित्यिक, आज किती विशेषणं वापरलीत?’ अशी आमची ओळख झाली आणि मी त्यांच्या घरी जाऊ-येऊ लागले.

वर्गात पहिल्या दिवशी समोर एक किटली ठेवली होती. काकांनी ती हुबेहूब काढली. वर्ग घेणाऱ्या बाई त्यांच्या कागदापाशी थांबल्या.

‘या तुटक रेषा कसल्या?’

‘मागे चोच आहे.’

‘तुम्हाला दिसतेय का ती?’

‘दिसत नाही. पण आहे.’

‘दिसत नाही ते काढायचं नाही.’

‘मग बनवणाऱ्याला कळणार कसं?’

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘काका, ही किटली आता कुणी बनवणार नाहीये. तुम्ही फक्त बघायचंय. एका जागी बसून.’

हे त्यांना फार जड गेलं. ड्रॉइंगमध्ये वस्तू सगळीकडून खरी असते. इथे एका बाजूने बघायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं. सोडून देणं त्यांना येत नव्हतं. मागची बाजू टाकायची म्हणजे खोटं बोलल्यासारखं वाटतं, असं ते मला एकदा म्हणाले. तरी ते शिकले. जिने काढले, पायऱ्यांच्या झिजलेल्या कडा काढल्या, वाळत टाकलेले कपडे काढले. तुटक रेषा बंद झाल्या. बाई म्हणाल्या, ‘आता माणूस.’

काकांनी काकूंना घरातल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसवलं. कागदावर डावीकडे कपाट, मग भिंत, मग खुर्ची, मग काकू आणि उजव्या टोकाला खिडकी. काकांनी कपाटापासून सुरुवात केली.

‘आधी चेहरा घ्या,’ बघायला आलेल्या बाई म्हणाल्या.

‘डावीकडून उजवीकडे जायचं. शाई ओली असते, हात फिरतो.’

हा ड्रॉइंग ऑफिसचा नियम होता. त्यांच्या हातात तो मुरला होता. शिवाय ते प्रत्येक गोष्टीचं माप शेजारच्या गोष्टीवरून घेत. कपाटावरून भिंत, भिंतीवरून खुर्ची. मधलं सोडून पुढे उडी मारली तर माप कुठून घेणार, असा त्यांचा प्रश्न. 

काकू मात्र पहिल्या दिवसापासून बसत होत्या.

‘अजून कपाटच चाललंय,’ मी म्हटलं. ‘तुम्ही उठलात तरी चालेल.’

‘उठले तर ते पण उठतात. बस म्हणतात, उजेड बदलतो तुझ्यामुळे.’ मग काकांकडे मान वळवून, ‘तुमचं कपाट होईपर्यंत मी म्हातारी होईन.’

‘झालीच आहेस. हलू नकोस.’

कपाटाचं दुसरं दार काढताना काका पट्टीवर चिडले. कड वाकडी येतेय म्हणाले. दुसरी पट्टी आणली. तीही वाकडी. मी कागद बघितला. रेघ सरळ होती. त्यांना तसं सांगितलं. त्यांनी खिडकीच्या गजांकडे बघितलं, मग दाराच्या चौकटीकडे. ‘तेही वाकडे आहेत,’ म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीही सोबत गेले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय, ते म्हणाले. इंजेक्शनं देऊन वेग कमी करता येईल, थांबवता येणार नाही. ‘कडेचं दिसत राहील. चालता-फिरता येईल. समोर ज्याच्याकडे बघाल ते मात्र हळूहळू जाईल.’

काकांनी विचारलं, ‘कधीपर्यंत?’

‘साधारण सांगणं कठीण आहे.’

काकूंनी तेव्हा त्यांचा हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

बाईंना कळलं तेव्हा त्या घरी आल्या. चप्पल काढायच्या आधीच बोलू लागल्या. ‘काका, सगळं ठेवा. आजपासून चेहरा. भिंत नंतर मी भरून देईन.’

काकांनी पेन उचललं. ते कोऱ्या जागेवर नेलं. हात कागदाच्या वर थांबला. मग त्यांनी पेन परत भिंतीवर आणलं, जिथे आदल्या दिवशी सोडलं होतं तिथे.

‘अहो, ऐका की त्यांचं,’ काकू म्हणाल्या.

‘येतोय ना. तुझ्याकडेच येतोय.’

बाई जिना उतरताना रडल्या. मला म्हणाल्या, ‘हा माणूस पोचायचा नाही.’

ते भिंगातून काम करू लागले. भिंतीवरची ओल सोडली नाही. मी म्हटलं, ओल कोण बघणार आहे? ते म्हणाले, ‘ती तिच्या पाठीमागे आहे. तिच्या मागचं मी कसं सोडू?’ खुर्ची झाली. खांदा झाला. मग केस. केसांना सगळ्यात जास्त वेळ लागला. काकू हसतच म्हणायच्या, विरळ आहेत, लवकर आटपा. इंजेक्शनं चालू होती. फरक पडत नव्हता.

त्या दुपारी खोलीत भरपूर ऊन होतं. कान पूर्ण झाला होता. काकांनी वर बघितलं, भिंग ठेवलं, पुन्हा बघितलं.

‘हललीस का?’

‘नाही हो.’

‘नीट बस.’

‘नीटच बसलेय.’

‘गाल कुठे गेला?’

काकांनी मान जरा डावीकडे केली, जरा उजवीकडे केली. मग म्हणाले, ‘केस आहेत. खिडकी आहे. मध्येच कुणीतरी ओलं बोट फिरवलंय.’

त्यांनी पेन पुसलं, टोपण लावलं.  

नंतर मी म्हटलं, आठवणीतून काढा. इतकी वर्षं रोज बघितलेला चेहरा आहे.

‘आठवणीतून काढलेला पार्ट मशीनला बसत नाही.’

‘नाही बसला तर नाही बसला,’ काकू म्हणाल्या. ‘मी काय मशीन आहे?’

काकांनी भिंग पुसून बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी बोर्डासमोर येऊन बसले. अजूनही बसतात. काकू पेन धुऊन त्यात शाई भरून देतात आणि स्वतः खुर्चीत जाऊन बसतात. खिडकीकडे तोंड करून. काका त्यांच्या बाजूला बघत राहतात, थेट नाही, जरा कडेने. पेन कागदाला लागत नाही.

कागद बोर्डवरून काढलेला नाही. डावीकडे कपाट आहे. बिजागरीतला एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा थोडा आत बसलेला, तोही तसाच आलाय. मग भिंत, ओल, खुर्चीची पाठ. खांद्यावरच्या शालीचा धागा न धागा. सैल अंबाडा, मानेवर सुटलेले केस, कान. कानाच्या पाळीशी शाई थांबते. पुढे हनुवटी कुठवर यायची त्याची पेन्सिलीने केलेली एक बारीक खूण आहे. गाल, डोळा, नाक, ओठ आणि खिडकी राहिली आहे.