दोन पाखरांचा अध्याय

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. प्रार्थनेतसुद्धा या गोष्टीच्या आसपास जाते आणि परत फिरते. वहीत लिहिते आहे, कारण वही मान वर करून बघत नाही. तुम्ही वाचत असाल तर — वाचा.

मी चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, पण शब्दाखाली बोट ठेवून. शुगरमुळे सासूबाईंची नजर गेली आणि त्यांना बायबल वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. येरवड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत, दुपारची जेवणं झाली की, पहिल्या पानापासून, रोज एक अध्याय.

अध्याय संपला की आई — सासूबाईंना मी आईच म्हणायचे — विचारायच्या, "इथं प्रभू कुठं दिसला गं?" त्या म्हणायच्या, येशू काही नुसत्या शेवटच्या भागात, नव्या करारात नाही, तो आधीपासून सगळीकडे आहे, हरवलेल्या चष्म्यासारखा — असतो घरातच, शोधायचा आपण. नोहाच्या तारवात, मुलाच्या जागी बळी गेलेल्या, झुडपात अडकलेल्या मेंढ्यात त्यांना तो बरोबर सापडायचा. मला काहीच दिसायचं नाही. मग त्या हसायच्या. म्हणायच्या, डोळे तुला आहेत ना?

त्या हसण्याचा मला राग यायचा. हे आधीच सांगून टाकते.

मग बायबलातलं लेवीय हे पुस्तक लागलं. त्यात महारोगाचे अध्याय आहेत — डाग, चट्टे, जखमा, आणि ते तपासणारा याजक, म्हणजे पुजारी. मला मळमळायला लागलं. खरं सांगू? मळमळ थोडी होती, कंटाळा जास्त. मी पानं एकदम उलटली आणि मनानंच एक ओळ वाचली — एक याजक येईल आणि रोग्याला आपल्या हातानं शिवेल. आईंचं समाधान व्हावं आणि पुस्तक मिटावं, एवढंच.

आई रडल्या. तरुणपणी त्या महारोग्यांच्या दवाखान्यात आया होत्या. त्या जखमा त्यांनी धुतल्या होत्या. त्यांच्या हातचं पाणी तेव्हा शेजारी पीत नसत. त्यांनी ती ओळ परत वाचायला लावली. मी परत वाचली. नसलेली ओळ, बोट ठेवून.

महिन्याभरानं बायकांच्या प्रार्थनासभेत आई साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगायला, उभ्या राहिल्या आणि तीच ओळ सांगितली, अध्यायासकट. चर्चच्या पाळकबाईंनी पानं चाळली, पुन्हा चाळली, मग हळूच म्हणाल्या की आजी, इथं असं काही नाहीये. मागून कुणीतरी म्हणालं, आजींचं वेगळं बायबल छापलंय वाटतं. बायका हसल्या. आईंनी माझ्या बाजूला तोंड वळवलं.

"तू वाचलंस ना गं?"

"नाही हो आई," मी म्हणाले. "तुमच्याच मनात आलं असेल."

चारचौघांत माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्या दिवशी कशी नाही चिकटली?

परत येताना रिक्षात त्या इतकंच म्हणाल्या की आता डोक्याचाही भरवसा राहिला नाही. त्यानंतर त्यांनी कधी साक्ष दिली नाही. वाचन ऐकायच्या, पण प्रभू कुठं दिसला, हे विचारणं बंद झालं. मी पुस्तक मिटायचे, त्या मान हलवायच्या. असं दीड वर्ष. खरं सांगायला त्यातली कुठलीही दुपार चालली असती. एकच वाक्य होतं — नाही बोलले. मग त्या गेल्या.

यंदा मी तेव्हा उलटलेली ती पानं वाचली. तीन दुपारी लागल्या. याजक स्वतः छावणीबाहेर ठेवलेल्या रोग्याकडे जातो. बऱ्या झालेल्या माणसासाठी दोन जिवंत पाखरं आणतात. एक मारतात. दुसऱ्याला त्याच्या रक्तात बुडवतात आणि मोकळ्या रानात सोडून देतात. ते उडून जातं — मेलेल्याचं रक्त पंखांवर घेऊन.

मला प्रभू दिसला — स्वतः मरून दुसऱ्याला सोडवणारा. पहिल्यांदाच, कुणी न दाखवता. आईंना तर किती लवकर दिसला असता — त्या पानांत, जी मी त्यांना वाचूनच दाखवली नाहीत.

मी मोठ्यानं वाचत होते, सवयीनं. अध्याय संपल्यावर थांबले. कुणी काही विचारलं नाही.