दही-साखर

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटं जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात एका पंपात सापडली. तो तिथे मेंटेनन्सला होता. डॉक्टरांनी बोटं वाचवली, पण ती नीट वळेनात. काही महिन्यांनी कायमचं अपंगत्व किती टक्के, हे ठरवायला हॉस्पिटलची तारीख आली. भरपाई त्या टक्क्यांवरच मिळणार होती.

आम्ही दोघंही पुण्याची, पहिल्या बाकावरची. तारीख म्हटली की आम्हाला परीक्षाच दिसते. त्यात मला वर्क पासची, म्हणजे परक्या देशात राहायच्या परवान्याची, धास्ती. हात निकामी दिसला तर नोकरी जाईल, मग पास, चोआ चू कांगचा फ्लॅट, लेकीची शाळा, सगळंच. म्हणून मी रोज ताटात हरभरे पसरून त्याला एकेक उचलायला लावायचे. "तिथे दुखतंय म्हणू नकोस हं," असं वर बजावायचे. तो घामाघूम व्हायचा, पण उचलायचा.

निघताना मी त्याच्या हातावर दही-साखर ठेवली. तळवा खोलगट होईना, दही मनगटावर ओघळलं. "चमचा आण," तो म्हणाला. मी चमच्याने भरवलं.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी बटण लावायला सांगितलं, त्याने लावलं. मूठ दातओठ खाऊन वळली. दुखतं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो नाही म्हणाला, आणि शेजारी बसून मी मान डोलावली.

टक्के अगदीच थोडे आले. हरकत घ्यायला मुदत होती. मी म्हटलं, घेऊ या. "काय लिहू? परीक्षेत कॉपी केली म्हणून?" त्याने कागद ड्रॉवरमध्ये टाकला. पुढे साइटवर त्याला पाना धरवेना, आणि कंपनीने नोटीस दिलीच. तेलही गेलं, तूपही गेलं.

सामान बांधताना लेक रडत म्हणाली, "बट बाबा डिड सो वेल लाह!"

"करणारच," तो हसून म्हणाला. "अभ्यास आईने घेतला होता ना."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसला असता. दही ओघळलं तेव्हा सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि मी ते नॅपकिनने पुसून त्याला म्हटलं होतं, "चल, उशीर होतोय."